मोर्चा आणि मजुरी
अन्यायाला विरोध म्हणजे मोर्चा, आणि तो चर्चच्या फादरांनी (धर्मगुरूंनी) काढावा, असा सूर अनेकांच्या बोलण्यात उमटतो. वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून वसईचे पर्यावरण वाचवण्यासाठी लढा दिला, हे खरेच. परंतु तो सामान्य वसईकरांच्या साथीशिवाय उभा राहिला नसता. अन्याय घरातही होतो: बायबलमधील याकोबाच्या पत्रात (अध्याय ५, वचन ४) शेतमजुरांची अडवलेली मजुरीच आक्रोश करते. आमच्या घरकामाच्या मावशींचे आजारपणातील चार दिवसांचे पैसे मी कापले होते आणि त्याच रविवारी चर्चमधील मिस्साच्या (उपासनेच्या) वेळी दानपेटीत नोट टाकली होती, जी खरे तर त्यांचीच होती. आता त्यांना भरपगारी रजा आहे. मात्र ‘तुम्ही दर बिघडवता’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना उत्तर देणे मला मोर्चापेक्षा अवघड गेले.