लेट्यूसच्या फोटोवरून निघालेला पोस्टाचा विषय

काका: बघा रे हा फोटो. इंग्लंडच्या पंतप्रधान बाई आणि कोबीचा गड्डा यांची शर्यत लावली होती म्हणे आणि कोबी जिंकला. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर आलंय, जुनं असणार पण आमच्यापर्यंत आत्ता पोचलं. खरं आहे का गं ताई? तू तिथेच राहतेस म्हणून विचारतोय.

ताई (रेडिंग): काका खरं आहे, फक्त कोबी नव्हे, लेट्यूस, ती बर्गरमध्ये पानं घालतात ना त्याचा गड्डा. ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट. डेली स्टार नावाचा पेपर आहे, त्यांनी ६० पेन्सचा लेट्यूस आणला, त्याला डोळे चिकटवले, केसांचा टोप घातला आणि समोर कॅमेरा लावून लाइव्ह ठेवला, की लिझ ट्रस आधी जातात की हा आधी सडतो. १४ तारखेला सुरू केलं आणि २० तारखेला बाईंनी राजीनामा जाहीर केला.

वहिनी: एवढं काय केलं होतं त्यांनी?

ताई (रेडिंग): मिनी बजेट आणलं गं वहिनी, २३ सप्टेंबरला. ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि त्यासाठी पैसा कुठून येणार ते सांगितलंच नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरपुढे आजवरच्या सगळ्यात खालच्या भावाला गेला, पेन्शन फंड कोसळू नयेत म्हणून बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं, आणि घराच्या कर्जाचे फिक्स्ड दर ६ टक्क्यांच्या वर गेले. लोकांचे हप्ते वाढले ते वाढलेच. आता खरं सांगू का काका, तेव्हा आम्ही पण हसलो त्या लेट्यूसला, आठवडाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता, पण हसणं झालं आणि विषय संपला असं नको व्हायला. इथल्या टिंगलीचं खरं मोठं काम वेगळंच आहे, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

काका: टिंगल आम्हाला नवीन नाही हो. १९६० साली मार्मिक निघालं, लहानपणी दादरला आमच्या चाळीत एक अंक यायचा आणि बारा घरं वाचायची. व्यंगचित्र आधी बघायचं, मजकूर नंतर.

ताई (रेडिंग): बघा, आणि इथलं प्रायव्हेट आय १९६१ चं, एकाच वर्षाचा फरक. पंधरा दिवसांनी येतं, साधा पातळ कागद, कव्हरवर एखाद्या नेत्याचा फोटो आणि त्याच्या तोंडात फुगा काढून भलतंच वाक्य घातलेलं. इयान हिस्लॉप १९८६ पासून संपादक आहेत. अर्धा अंक चेष्टा आणि अर्धा अंक खऱ्याखुऱ्या भानगडी, नगरपालिकांपासून मंत्र्यांपर्यंत.

काका: कोर्टात खेचत नाहीत का त्यांना?

ताई (रेडिंग): खेचतात तर, किती वेळा. १९८९ ला एका खटल्यात ६ लाख पौंड भरपाई द्यायचा निकाल लागला, हिस्लॉप कोर्टाबाहेर येऊन म्हणाले की हा न्याय असेल तर मी केळं आहे. अपिलात ती रक्कम ६० हजारावर आली. पण मला सांगायचंय ते पोस्टाचं. २०११ पासून हे पाक्षिक पोस्टाच्या भानगडीच्या मागे लागलं आणि वर्षानुवर्षं सोडलं नाही.

आत्या: पोस्टाचं काय? मी स्वयंपाकघरात होते, आत्ता वाचतेय वरपासून. ३४ वर्षं पोस्टात काढलीत मी, मला सांग नीट.

ताई (रेडिंग): आत्या तू आलीस बरं झालं, तुला हे सगळ्यात जास्त कळेल. थोडं लांबेल हं. इथे गावातलं पोस्ट बरेचदा सरकारी ऑफिस नसतं. एक दुकान असतं, पुढे ब्रेड दूध वर्तमानपत्रं आणि मागच्या कोपऱ्यात काचेच्या आड पोस्टाचा काउंटर. दुकान घेणाऱ्याने आयुष्याची पुंजी त्यात घालायची आणि पोस्टाशी करार करायचा, त्यांना सबपोस्टमास्टर म्हणतात, त्यात आपले गुजराती पंजाबी लोक पण खूप. करार असा, की त्याच्या चुकीने तूट आली तर त्याने खिशातून भरायची, आणि पोस्ट काय करायचं तर कुठलीही तूट म्हणजे याचीच चूक असं धरून चालायचं. १९९९ पासून पोस्टाने सगळीकडे होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टीम बसवली, फुजित्सु कंपनीची. आणि त्यानंतर चांगल्या चांगल्या माणसांच्या हिशोबात तूट यायला लागली. आज हजार, पुढच्या आठवड्यात चार हजार. हेल्पलाइनला फोन केला की कित्येकांना एकच उत्तर मिळायचं, असं होणारे तुम्ही एकटेच आहात. एकटेच!! आणि हे शेकडो लोकांना सांगितलं.

आत्या: अगं बाई.

ताई (रेडिंग): हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन. २ हजारांची तूट दिसत होती, हेल्पलाइनवाल्यांनी सांगितलं तशी बटणं दाबली तर डोळ्यांदेखत ४ हजार झाली. शेवटी ३६ हजारांवर गेली. चोरीचा आरोप मागे घेतो पण खोटा हिशोब लिहिला हे कबूल करा असं पोस्टवाले म्हणाले, तुरुंगाच्या भीतीने बाईंनी कबूल केलं. घर पुन्हा गहाण पडलं, गावातल्या लोकांनी पैसे गोळा करून दिले आणि कोर्टात त्यांच्या बाजूने येऊन बसले. गावाला माहीत होतं ना बाई कशी आहे.

बंटी: ताई एक मिनिट, मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्येच काम करतो, चालू सिस्टीममध्ये बग म्हणजे चुका असतात हे शेंबडं पोरगं पण सांगेल, मग कोणी लॉग्ज, म्हणजे सिस्टीमच्या आतल्या नोंदी, बघितले नाहीत का??

ताई (रेडिंग): बंटी तोच तर मुद्दा आहे. एक बग सांगते, स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावच्या नावाने ओळखतात, २०१५ चा. पोस्टमास्टरने ८ हजार पौंडांची रोकड मिळाली म्हणून नोंद केली, स्क्रीन अडकली, म्हणून एंटर परत परत दाबलं. जितक्या वेळा दाबलं तितक्या वेळा आत नोंद झाली, समोर काहीच दिसलं नाही. ८ चे ३२ हजार झाले, म्हणजे हातात नसलेल्या २४ हजारांची तूट. आणि पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं की दुकानातल्या खात्याला बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. फुजित्सुचे इंजिनीअर ब्रॅकनेलच्या ऑफिसातून लावू शकत होते, दुकानदाराला न कळता. ब्रॅकनेल माझ्या घरापासून फार लांब नाही, त्या बाजूने गेले की दर वेळी आठवतं.

बंटी: आणि कोर्टाने मान्य कसं केलं?

ताई (रेडिंग): इथे कायदाच तसा होऊन बसलाय, कॉम्प्युटर नीट चालतो असंच कोर्ट धरून चालतं, तो चुकलाय हे तुम्ही दाखवायचं. आणि दाखवायला लागणारे कागद पोस्टाकडे. वर पोस्टाला स्वतःच खटला भरायचा हक्क, तपास करणारे त्यांचेच, वकील त्यांचेच. १९९९ ते २०१५ मध्ये ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, त्यातले साधारण ७०० खटले पोस्टाने स्वतः चालवलेले.

आत्या: मी सांगू का, ८६ साली माझ्या काउंटरला ५०० रुपये शॉर्ट आले होते. तेव्हा ५०० म्हणजे माझा निम्मा पगार. हातपाय गार पडले माझे. सगळा स्टाफ थांबला, कुणी घरी गेलं नाही, आमच्या पोस्टमास्तरांनी वही मध्ये ठेवली आणि म्हणाले वाच मोठ्याने एकेक ओळ. रात्री साडेआठला सापडलं, मनीऑर्डरची एक रक्कम मीच दोनदा चढवली होती. सापडलं कारण वही हातात होती गं. त्या लोकांना वहीच बघायला मिळत नव्हती म्हणतेस, मग त्यांनी शोधायचं कुठे?

ताई (रेडिंग): आत्या तू हे जे लिहिलंस ना, २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांच्या निकालात पण हेच आहे, की पोस्टमास्टरला स्वतः खोलात जाऊन शोधायची सोयच नव्हती. सिस्टीममध्ये दोष नव्हते म्हणणं म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखं आहे असं त्यांनी लिहिलं. ५५५ जणांनी मिळून तो दावा लढवला. वेल्समध्ये लँडडनोजवळ ॲलन बेट्स यांचं दुकान होतं, २००३ ला पोस्टाने करार तोडला, पण ते गप्प बसले नाहीत, असेच अडकलेले लोक शोधत गेले, २००९ ला फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या हॉलमध्ये पहिली बैठक घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्या लोकांना कळलं की आपण एकटे नाही. मला हे वाचून रडू आलं होतं.

वहिनी: आणि सरकार काय करत होतं?

ताई (रेडिंग): पोस्टाची मालकी सरकारचीच आहे वहिनी. २०१० ला बेट्स यांनी पोस्टखात्याचे मंत्री एड डेव्ही यांना पत्र लिहिलं, भेटून काही उपयोग होईल असं वाटत नाही असं उत्तर आलं. सगळ्या पक्षांची सरकारं आली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरेमधल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली, ७४ हजार पौंड चोरले म्हणून. आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या. आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

आत्या: देवा.

ताई (रेडिंग): आणखी एक. पोस्टाच्या तपासनिसांना आरोपीचा वंश भरायचा एक कागद होता, त्यात इंडियन/पाकिस्तानी टाइप्स असा रकाना होता. २०२३ ला हे बाहेर आलं.

काका: हे आपल्याकडे कुठे आलंच नाही.

ताई (रेडिंग): इथे तरी कुठे कुणी विचारत होतं काका! २००९ ला कॉम्प्युटर वीकली नावाच्या साप्ताहिकाने सात जणांची हकीगत पहिल्यांदा छापली, मग स्थानिक बीबीसी, मग प्रायव्हेट आय. मोठ्या पेपरांना दुकानदारांच्या हिशोबात काय रस. पण ज्या अंकात पंतप्रधानांची चेष्टा त्याच अंकात दोन पानं उलटली की पोस्टाचा नवा मजकूर, मी लायब्ररीत बसून वाचायचे, आधी चित्रं आणि मग ते. लेट्यूसची गंमत आठवड्यात संपली, पण हे लोक दहा वर्षं तेच तेच लिहीत राहिले, नवीन काही नसलं तरी लिहीत राहिले. विनोदासाठी घेतलेल्या अंकातून हे लोकांच्या घरात गेलं. म्हणून मला नुसता लेट्यूस पाठवलेला बघवत नाही.

बंटी: मग सुटले का सगळे?

ताई (रेडिंग): एप्रिल २०२१ ला एकाच दिवशी ३९ जण निर्दोष ठरले. पण बाकीचे तसेच. २०२४ च्या जानेवारीत आयटीव्ही चॅनेलवर याच प्रकरणावर चार रात्री मालिका लागली, अख्खा देश बघत बसला, दहा दिवसांत सरकार म्हणालं कायदा करतो आणि मे महिन्यात केला, शेकडो लोकांच्या शिक्षा एकदम रद्द. निकाल २०१९ पासून सगळ्यांसमोर पडला होता, आणि जाग आली मालिकेमुळे. याचा मला अजून संताप येतो. पोस्टाच्या प्रमुख होत्या पॉला व्हेनेल्स, त्यांना २०१९ ला सरकारी किताब मिळाला होता, तो परत घ्या म्हणून १० लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या तेव्हा त्यांनी परत केला. मधल्या काळात किती लोक गेले. जुलै २०२५ च्या चौकशी अहवालात आहे की या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी. साधारण १० हजार लोक भरपाईला पात्र आहेत.

आत्या: पैसे मिळाले का त्यांना?

ताई (रेडिंग): खूप उशिरा, आणि ज्याची वाट बघत काही जण गेले त्यांना नाहीच. त्या ५५५ जणांना ५ कोटी ७७ लाख पौंडांची तडजोड मिळाली होती, त्यातले बहुतेक खटल्याच्या खर्चात गेले, माणशी साधारण २० हजार हातात पडले. पुढे सरकारने वेगळ्या योजना काढल्या.

आत्या: येताना त्या पाक्षिकाचा एक अंक आण मला. इंग्रजी वाचायला वेळ लागेल पण वाचीन.

काका: ताई, मी मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर त्या लेट्यूसच्या खाली हे तुझं टाकू का? आमच्यात दोन जण बँकेतून रिटायर झालेत, एक एसटीत कॅशियर होता.

ताई (रेडिंग): टाका ना काका. फक्त १३ चा आकडा नीट लिहा, किमान असं लिहा आणि केली असावी असं लिहा, अहवालात तसं आहे. आणि जो हॅमिल्टनबाईंच्या गावकऱ्यांचं गाळू नका.

काका: लिहितोय. पाठवायच्या आधी इथे टाकतो, तू आणि आत्या वाचून घ्या.