ऑपरेशननंतर ग्रोथ हॉर्मोन: स्नायू वाचवायचा की आतडं?

रात्रपाळी: माझं मत सरळ आहे, आयसीयूतल्या पेशंटला स्नायू वाचवायला ग्रोथ हॉर्मोन देऊ नये. मोठं ऑपरेशन झालं की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, चढतं, स्नायूंतलं प्रोटीन तुटतं आणि त्यातलं ग्लुटामिन हे अमिनो आम्ल रक्तात येतं, ते आतड्याच्या अस्तराच्या पेशी इंधन म्हणून वापरतात. म्हणजे स्नायू झिजतो तो उगीच नाही, कोणाचं तरी पोट भरतोय. ग्रोथ हॉर्मोन दिलं की स्नायू हात आखडता घेतो, नायट्रोजन बॅलन्स (शरीरात प्रोटीन किती टिकतंय याचा हिशोब) छान दिसतो आणि आतडं बसतं उपाशी. 1999 मध्ये दोन ट्रायल आल्या, मिळून 532 पेशंट. फिनलंडमधल्या ट्रायलमध्ये हॉर्मोनवाले 39 टक्के गेले, प्लासिबोवाले (ज्यांना नुसतं खोटं औषध दिलं ते) 20. दुसरी बऱ्याच देशांतली, तिथे 44 आणि 18. अजून काय हवं?

खोडरबर: आकडे मान्य, पण कारण तुम्ही घरून आणलंय. ते पेशंट आधीच बरेच दिवस आयसीयूत पडलेले, डोसही हॉर्मोन कमी असलेल्यांना देतात त्याच्या कितीतरी पट. गेले ते जास्त करून इन्फेक्शन नाहीतर एकेक अवयव बंद पडून. आतडं उपाशी राहिलं म्हणूनच गेले हे त्या ट्रायलनी सिद्ध नाही केलेलं. आणि हेच हॉर्मोन आतडं आखूड झालेल्यांसाठी अमेरिकेत 2003 ला मंजूर झालं, त्याचं काय करायचं?

अर्धाकप: मधेच विचारतो, मी डॉक्टर नाही. आतड्याला ग्लुटामिनच पाहिजे तर तेच द्या ना, हॉर्मोनची भानगडच कशाला?

खोडरबर: देऊन झालंय 😄 2013 ची रेडॉक्स ट्रायल, 1223 पेशंट, व्हेंटिलेटरवरचे आणि एकाहून जास्त अवयव बिघडलेले. 28 दिवसांत ग्लुटामिनवाले 32.4 टक्के गेले, बाकीचे 27.2, आणि सहा महिन्यांनी बघितलं तरी ग्लुटामिनवालेच जास्त गेलेले. आतडं उपाशी असतं तर खायला घातल्यावर बरं नको व्हायला? @रात्रपाळी, ही तुमच्याच थिअरीची परीक्षा होती.

रात्रपाळी: परीक्षा चुकीच्या मुलांची घेतली. डोस मोठा, बऱ्याच जणांच्या किडन्या गेलेल्या, आणि ज्यांचं मोजलं त्यातल्या बऱ्याच जणांचं ग्लुटामिन कमी नव्हतंच. पण ठीक, तुमचा अर्धा मुद्दा घेतो, रक्तात कमी दिसलं की ओता हे चूक. उंदरांवरच्या कामात स्टेरॉइड (कॉर्टिसॉलच्याच जातीचं) दिलं की आतड्यातलं ग्लुटामिन फोडणारं एन्झाइम वाढतं, उलट सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडायला लागले की, आतडं ग्लुटामिन उचलायचंच कमी करतं. एकच पेशंट, सोमवारी एक अवस्था, गुरुवारी दुसरी. मग सरसकट हॉर्मोन कसं देणार?

खोडरबर: सरसकट द्या म्हणालं कोण? ठरवून केलेलं ऑपरेशन, पेशंट धडधाकट, इन्फेक्शन नाही, तिथे छोट्या डोसचा प्रश्न वेगळा आहे. 1999 चे आकडे दाखवून तो दरवाजा नका लावू.

फिजिओ_मी: तुम्ही भांडा. आतडं चालत असेल तर लवकर तोंडाने, नाहीतर नळीने फीड सुरू करा आणि पेशंटला उठवून बसवा. पडून राहिलेला स्नायू कुठल्याच इंजेक्शनला जुमानत नाही.

रात्रपाळी: @फिजिओ_मी फीडचं मान्य. @खोडरबर धडधाकट पेशंट चार दिवसांत खाऊ लागतो, चालू लागतो, त्याला हॉर्मोन हवंय कशाला?

खोडरबर: सत्तरीतला, कॅन्सरने आधीच वाळलेला असेल तर? तो नाही हो चार दिवसांत चालत.