अ‍ॅमॉक्सिक्लॅव दिवसातून तीनदा आणि अ‍ॅझिथ्रो एकदाच, असं का?

तांबडा_पांढरा
अ‍ॅमॉक्सिक्लॅव ६२५ बऱ्याचदा दिवसातून तीनदा, पाच-सात दिवस लिहून देतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० रोज एकच, तीन दिवसांत कोर्स खलास. म्हणजे अ‍ॅझिथ्रो जास्त जालीम का? आणि केमिस्टकडे ६२५ नसेल तर ३७५च्या दोन घेऊन भागतं का?

पेट्रीडिश
जालीमपणाचा संबंध नाही, औषध अंगात किती वेळ टिकतं त्याचा आहे.

अ‍ॅमॉक्सिसिलिन (अ‍ॅमॉक्सिक्लॅवमधलं मुख्य औषध) जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही. वाढत्या जिवाणूची भिंत कच्ची राहते आणि तो फुटतो. पण हे औषध रक्तात साधारण तासाभरात निम्मं होतं, आणि दोन डोसांमधला जवळजवळ निम्मा वेळ तरी त्याची पातळी पुरेशी राहावी लागते. डोस दुप्पट केला तर तो काळ जेमतेम एक तासाने वाढतो. म्हणून मोठ्या गोळीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. सकाळ-दुपार-संध्याकाळ घेऊन रात्र कोरडी काढण्यापेक्षा आठ-आठ तासांचं अंतर ठेवावं.

अ‍ॅझिथ्रो जिवाणूचं प्रथिनं बनवणारं यंत्र, म्हणजे रायबोसोम, अडवते. ती रक्तात कमी आणि पेशींत जास्त साठते. निम्मी व्हायला अडीच-पावणेतीन दिवस लागतात, त्यामुळे गोळ्या संपल्यावरही काम चालू राहतं. तोट्याची बाजूही तीच: नंतर बरेच दिवस अपुरी पातळी रेंगाळते आणि त्यात प्रतिरोधक जिवाणू तगतात. साध्या सर्दीला ती घेणं म्हणूनच मला फार खटकतं. सर्दी विषाणूची, तिथे दोन्ही गोळ्या निकामी.

मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंतच नसते, तिथे अ‍ॅमॉक्सिसिलिन कितीही द्या, उपयोग शून्य. अ‍ॅझिथ्रो चालते. टायफॉइडचे जिवाणू आपल्याच पेशींत दडून बसतात, तिथेही ती पोचते, पण तीन दिवसांचं पाकीट पुरत नाही, साधारण सात दिवस लागतात.

खलबत्ता
३७५च्या दोन म्हणजे ६२५ नव्हे, आणि ७५०चा हिशेबही करू नका. ६२५ मध्ये ५०० अ‍ॅमॉक्सिसिलिन + १२५ क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. ३७५ मध्ये २५० + तेच १२५. दोन घेतल्या की अ‍ॅमॉक्सिसिलिन बरोबर ५००, पण क्लॅव्युलॅनिक थेट २५०. जिवाणूचं पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम निकामी करायला ते घातलेलं असतं, आणि जुलाब बहुतेक त्याच्यामुळेच लागतात. दुसऱ्या दुकानात विचारा, नाहीतर डॉक्टरांना फोन करा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ६२५ आणि ३७५ दोन्ही बाद.

गोळी पहिल्या घासाबरोबर घ्या. शोषण चांगलं होतं, पोट कमी बिघडतं. स्ट्रिपमधून आधी काढून डबीत भरू नका, क्लॅव्युलॅनिक हवेतला ओलावा पटकन ओढतं.

तांबडा_पांढरा
आणि दुधाबरोबर?

खलबत्ता
या दोघींना दूध चालतं. सिप्रोफ्लॉक्सासिनला नाही: कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या तिला आतड्यातच बांधून ठेवतात. सिप्रो आधी दोन तास किंवा नंतर सहा तास. डॉक्सिसायक्लिन (पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी देतात ती) लोहाच्या गोळीपासून लांब ठेवा, ग्लासभर पाण्याने घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते.

पेट्रीडिश
अ‍ॅमॉक्सिक्लॅवचा डोस राहिला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या, दोन एकदम नकोत.