मदत हवी आहे: आईने देवघर बंद केलंय, चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आहे

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले. माझा एक मामा होता, सख्खा नव्हे, मानलेला. आईच्या माहेरचा शेजारी. दशावतारात स्त्रीपार्टी करायचा. त्या मंडळींत ज्याची त्याची पेटी, ज्याची त्याची रंगरंगोटी, आणि मामाची निम्मी पेटी आईच्या ट्रंकेतून भरायची. आईचा लग्नातला शालू तिने स्वतः जेवढा नेसला नसेल, तेवढा त्याची तारामती नेसली. एका जत्रेत बाबांनी रंगपटाबाहेर उभ्या असलेल्या मामालाच "वैनी, नाटक कधी सुरू होणार?" असं अदबीने विचारलं होतं. ती गोष्ट आमच्याकडे प्रत्येक चवथीला निघते. म्हणजे निघायची.

चैत्रात एका गावचा दहीकाला आटोपून पहाटे स्कूटरने परतताना महामार्गावर त्याला गाडीने उडवलं. पाच दिवस इस्पितळात होता. मधल्या दिवशी आईने गावच्या देवळात प्रसाद लावला (मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाचा कौल घेतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार), पाकळी उजवी पडली, आई हसत घरी आली. दोन दिवसांनी तो गेला. मंडळाच्या लोकांनी शालू इस्त्री करून आणून दिला. तो अजून ट्रंकेत गेलेला नाही, खुर्चीवरच आहे.

त्या दिवसापासून आईने देवघराचं दार ओढून घेतलंय. तुळशीपुढेही दिवा नाही. "देवान माका फटयली" एवढंच म्हणते. फसवलं म्हणते. आत्या म्हणाली, अगं, तो तुमचा कोण? सुतकसुद्धा नाही तुम्हाला, चवथ का अडवतेस? त्यावर आई म्हणाली, "तुम्ही नाही धरलंत म्हणूनच मी धरलंय."

आता माझी अडचण. घरात देव न मानणारी मी. कॉलेजपासून आईशी यावर वाद घातलेत, प्रसाद लावण्यावर तर जास्तच. आणि आता संध्याकाळी अंगणातला काळोख मलाच सोसवत नाही. तिने दिवा लावावा असं वाटतं, पण कुठल्या तोंडाने सांगू?

याच सुमारास 'ऑल इन द फॅमिली' या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचा एक दोन भागांचा एपिसोड पाहिला, डिसेंबर १९७७चा. रंगमंचावर बाईचा वेश करणारा बेव्हर्ली हा कलाकार त्या कुटुंबाचा मित्र असतो. १९७५मध्ये तो पहिल्यांदा येतो तेव्हा कुटुंबप्रमुख आर्ची त्याला बाई समजून तोंडाने श्वास देतो आणि मग सगळा गोंधळ. (आमच्या बाबांची 'वैनी' आठवली.) या एपिसोडमध्ये बेव्हर्ली आणि जावई माइक यांच्यावर लुटारू हल्ला करतात. माइक वाचतो, बेव्हर्ली मरतो. घरातली सगळ्यात भाविक बाई म्हणजे आर्चीची बायको एडिथ, आणि ऐन नाताळात ती चर्चला जायचं नाकारते. जीन स्टेपलटनने ते काम इतकं आवाज न चढवता केलंय की प्रेक्षकांच्या हशाची सवय असलेल्या मालिकेत एकदम शांतता पसरते. तिला समजवायला जातो कोण, तर देवाधर्माशी देणंघेणं नसलेला माइक! तो देव आहे असं सिद्ध करायच्या भानगडीत पडत नाही. सगळं आपल्याला एकाच वेळी कळेलच असं नाही, आणि आम्हाला तू हवी आहेस, एवढंच त्याच्या बोलण्याचं सार.

तर विचारायचं आहे ते हे: आईला हा एपिसोड दाखवू का? इंग्रजी तिला जेमतेम कळतं. की जखमेवर मीठ होईल? आणि चवथीचं काय? माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट) दरवर्षी तीच बांधते. बाबा म्हणतात, पिढ्यांची चवथ मोडायची नाही. पण तिच्यात कांगलां कुठे, आंबाडे कुठे बांधायचे, हे त्यांना ठाऊक नाही.

माडाखाली: एपिसोड दाखवू नका. निदान आत्ता नको. दुसऱ्याच्या घरात दोन भागांत सुटलेलं कोडं बघून आईला "माझं का सुटत नाही" असं वाटेल. चवथ बाबांना करू द्या. माटोळी वाकडी झाली तर होऊ दे.

पोफळ: मी उलट सांगेन, दाखवा, पण शेवट दाखवू नका. ती चर्चला जात नाही तिथे थांबवा आणि आईला काय वाटतं ते विचारा. अवांतर: सुतकाबद्दलचं आईचं उत्तर वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. देव सोडलेली बाई सुतक कशाला धरेल?

जुनी_पेटी: आमच्या घरात प्रसाद लावण्याचा मान होता, म्हणून विचारतो. आईंनी नेमकं काय विचारून प्रसाद लावला होता? देवाला 'वाचेल का' असं सहसा विचारत नाहीत. हे करू की ते करू, असं विचारतात. 'फसवलं' हा शब्द मला खटकतोय. एकदा सहज विचारून बघा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. जुनी_पेटी, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. काल आई नारळ खवत असताना विचारलं. बराच वेळ खवत राहिली, मग खाली बघूनच सांगितलं. डॉक्टर शस्त्रक्रिया करूया म्हणत होते, मामाच्या घरचे घाबरले होते, त्यांनी निर्णय आईवर सोडला. तिने प्रसाद लावला, तर डावी पडली. तिने प्रश्न थोडा फिरवला आणि भटजींना पुन्हा लावायला सांगितलं. तेव्हा उजवी. ही पहिली डावी तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. बाबांनाही नाही.

मी म्हटलं, शस्त्रक्रिया नसती केली तरी तो कदाचित गेलाच असता. ती म्हणाली, "कदाचित." प्रसादबिसादाला अर्थ नसतो हे माझं नेहमीचं पालुपद अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. तिच्या हातून विळी घेतली आणि उरलेला नारळ मी खवला. वाईट खवला, करवंटीसकट.

चवथीचं अजून ठरलेलं नाही. बाबांनी माटोळीची चौकट माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय, आणि आई तिला वळसा घालून जाते. एपिसोड तूर्त बाजूला. तरी त्याचे मराठी किंवा हिंदी सबटायटल्स कुणाला कुठे दिसले असतील तर कळवा. आणि म्हापशाच्या बाजारात कांगलां आली का, तेही.