टब एकदाच भरायचा
कपडे धुण्याची जुनी मशीन म्हणजे पाण्याची नासाडी, असं म्हणतात. हा मुद्दा दर फेरीला नवं पाणी घेणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल मान्य. रोलरवाल्या, म्हणजे टबावरच्या दोन रबरी रोलरमधून कपडे पिळायच्या मशीनचा हिशेब मात्र उलटा आहे. माझ्याकडे इथे अमेरिकेत, आयोवात, मेटॅग कंपनीचं चौकोनी ॲल्युमिनियम टबाचं असं मशीन आहे. कंपनीने ही रोलरची मशीनं थेट १९८३ पर्यंत बनवली, म्हणजे घरोघरी ऑटोमॅटिक आल्यावरही कितीतरी वर्षं! टब गरम साबणाच्या पाण्याने एकदाच भरायचा. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग जीन्स, शेवटी पायपुसणी. रोलरमधून पिळलेलं पाणी परत टबातच पडतं, वाया काही जात नाही. खळबळायला शेजारी दोन टब. आमची आजी एका घमेल्यात हाच क्रम लावायची, फक्त रोलरच्या जागी तिची मनगटं होती.

घ्यायचं मनात असेल तर एक सांगतो. रोलरमध्ये शर्ट घालताना बटणं घडीच्या आत हवीत आणि घडी सपाट. घाईत मी तसाच कोंबला, तर बटण फुटून अर्धा तुकडा तळघराच्या भिंतीवर आपटला. लांब बाह्या, ओढणी, मोकळे केस जवळसुद्धा नकोत. रोलरवरचा दाब सोडायचा दांडा चालतो का, हे पैसे देण्याआधी स्वतः ओढून बघा. आणि काम झालं की तो दाब आठवणीने सोडून ठेवायचा, नाहीतर रोलरचं रबर एका बाजूने चपटं होतं. माझ्या मशीनच्या आधीच्या मालकाने नेमकं तेच केलं होतं.