शब्दचर्चा: ब्रास, कोबा, वाटा, गुण्या... गवंडी बोलतात ते नेमकं काय?

प्रश्न: घराचं काम काढलंय, वरची गच्ची पण आमच्याकडेच आहे. ठेकेदाराच्या एस्टिमेटमध्ये ब्रास, ब्रिकबॅट कोबा, वाटा असं लिहिलंय आणि मिस्त्री म्हणतात खोली गुण्यात नाही, भिंत तीन सूत बाहेर आहे. कोबा म्हणजे जमिनीचाच ना, मग गच्चीवर कसा? कुणी नीट सांगेल का?

उत्तर: दोन्हींना कोबाच म्हणतात पण कामं वेगळी. जमिनीचा कोबा म्हणजे सिमेंटचा थर घोटून गुळगुळीत केलेली जमीन, जुन्या घरांत लाल दिसते ती. ब्रिकबॅट कोबा म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग. स्लॅब साफ करून त्यावर विटांचे तुकडे मालात (सिमेंट-वाळूच्या मिश्रणात) उतार धरून बसवतात, सांधे भरतात, वरून वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेल्या मालाचा थर देतात आणि तो ओला असतानाच दोरीने चौकोन आखतात. उतार पाणी जायच्या पाइपाकडे साधारण शंभर फुटाला एक फूट हवा. आता वाटा. गच्ची आणि पॅरापेट (गच्चीची कठड्याची भिंत) जिथे मिळतात तिथे सरळ कोपरा ठेवत नाहीत, माल गोलाई देऊन भिंतीवर चढवतात, तो वाटा. गच्ची गळायला लागली की पहिला संशय याच कोपऱ्यावर घ्यायचा, त्यामुळे एस्टिमेटमध्ये वाटा वेगळा रनिंग फुटाने (नुसत्या लांबीच्या मापाने) लावला असेल तर तिथे अजिबात घासाघीस करू नका, उलट भिंतीवर किती उंच चढवणार ते विचारून लिहून घ्या. आणि काम झाल्यावर गच्चीवर पाणी कोंडून ठेवायला सांगा, खालच्या स्लॅबला ओल येते का ते रंग लावायच्या आधी कळलं पाहिजे.

ब्रासमध्ये तर भरपूर घोळ होतात. वाळू, खडी, मुरूम असेल तर 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि प्लास्टर किंवा फरशी असेल तर 100 चौरस फूट. वाळूची गाडी आली की खाली करायच्या आधी हौद्यात टेप लावा, 10 फूट लांब, 5 फूट रुंद आणि माल 2 फूट उंच भरला तर बरोबर एक ब्रास. प्लास्टरचं बघा, 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, चार भिंती मिळून 440 चौरस फूट म्हणजे 4.4 ब्रास, यातून दारं-खिडक्या वजा करणार का ते काम सुरू व्हायच्या आधीच ठरवायचं, बिलाच्या वेळी नाही.

आणखी एक उत्तर: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर. सळईलाही हेच माप, 3 सुती म्हणजे 10 एमएम, 4 सुती म्हणजे 12 एमएम. भिंत "बाहेर आहे" म्हणजे ओळंब्यात नाही, वरून दोरीला वजन सोडून बघतात तो ओळंबा. आडवी लेव्हल बघायची ती पाणसळीने (बुडबुड्याची पट्टी, स्पिरिट लेव्हल) किंवा पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने.

गुण्या म्हणजे काटकोन. हे तुम्ही स्वतः तपासू शकता आणि तपासाच. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर खूण करा, दुसरीवर 4 फुटांवर, दोन खुणांमध्ये टेप धरला की 5 फूट यायला हवेत. कमी-जास्त आले तर खोली गुण्यात नाही. मोठ्या टाइल्स लावणार असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण एका टोकाला अख्खी टाइल आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होत गेलेला तुकडा असं दिसतं, मग कितीही भारी टाइल आणा. जुन्या बिल्डिंगमध्ये हे सर्रास असतं, प्लास्टर करतानाच जाडी कमी-जास्त करून थोडं सावरता येतं, जास्त फरक असेल तर कापलेले तुकडे कपाटाखाली जातील अशी सुरुवात मिस्त्रीकडून करून घ्या.

प्रश्न: खूप आभार, दोघांचे. बाथरूममध्ये "डॅडो 7 फूट" लिहिलंय, ते?

उत्तर: भिंतीवरच्या टाइल्स, जमिनीपासून 7 फुटांपर्यंत. खोलीत भिंतीच्या तळाशी 3-4 इंचांची पट्टी येते ती स्कर्टिंग, तिचा दर रनिंग फुटाने असतो.