मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण बसले होते, हे छापलेच पाहिजे

मूळ मांडणी (शब्दांकन आणि भाषांतर करणारी)

आरोग्यविषयक गुणात्मक संशोधनाचे (म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर आणि अनुभवांवर आधारलेल्या संशोधनाचे) अहवाल वाचताना ‘सखोल मुलाखती घेतल्या व त्यांचे विश्लेषण केले’ एवढ्या एका वाक्यावर पद्धतीचे वर्णन संपलेले मला वारंवार दिसते. मुलाखत कोणी घेतली, घरात घेतली की आरोग्य केंद्रात, किती जणींनी बोलायला नकार दिला, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही.

मी शब्दांकन केलेल्या एका मुलाखतीत एक बाळंतीण म्हणते, ‘सगळं चांगलंच हाये, ताई लई लक्ष देत्यात.’ ध्वनिमुद्रणात मात्र त्याच्या आधी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाईचे ‘सांग की’ हे शब्द स्पष्ट ऐकू येतात. त्या बाई म्हणजे जिच्या कामाबद्दल प्रश्न चालला होता तीच आशाताई. अहवालात ‘लाभार्थी सेवेबाबत समाधानी’ एवढेच छापले गेले. खुर्चीचा आणि आशाताईंचा उल्लेख कुठेही आला नाही.

अ‍ॅलिसन टाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली आधीच्या २२ याद्या तपासून मुलाखती आणि गटचर्चांसाठी ३२ मुद्द्यांची ‘कोरेक’ ही तपासणी यादी प्रसिद्ध केली. तिच्यातला १५ वा मुद्दा नेमका हाच आहे: सहभागी आणि संशोधक यांच्याखेरीज तिथे आणखी कोणी होते का? ही यादी भरून दिल्याशिवाय कोणत्याही नियतकालिकाने असा लेख स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १ (संशोधन पद्धती शिकवणारा)

आपण सांगितलेला प्रसंग गंभीर आहे, पण त्यावर सुचवलेला उपाय मला मान्य नाही. शेपटाने कुत्र्याला हलवावे तशी या याद्यांची गत होत आहे, असा इशारा रोझलिन बार्बर यांनी २००१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील लेखाच्या शीर्षकातून दिला होता, म्हणजे कोरेक येण्याच्याही आधी.

याच यादीतला २२ वा मुद्दा घ्या. ‘सॅच्युरेशन’ (आणखी मुलाखती घेऊनही नवे काही हाती येईनासे होणे) ही कल्पना ग्लेझर आणि स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या ग्राउंडेड थिअरीतून, म्हणजे मिळालेल्या माहितीतूनच सिद्धांत घडवण्याच्या पद्धतीतून आली आणि त्या पद्धतीत तिला नेमका अर्थ आहे. मात्र यादीत तिच्यासाठी रकाना असल्यामुळे माझे विद्यार्थी कोणतीही पद्धत वापरली असली तरी ‘सॅच्युरेशन साधले’ असे ठोकून देतात. कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या तुकड्यांना अर्थानुसार नावे देण्याचे काम, किती जणांनी केले, हा यादीतला प्रश्नही तसाच आहे. ब्रॉन आणि क्लार्क या संशोधक ज्या प्रकारचे विश्लेषण मांडतात, त्यात संशोधकाची स्वतःची दृष्टी हेच साधन असते. दोघांनी एकच कोड दिला म्हणून अर्थ अधिक खरा ठरत नाही. आपण पारदर्शकता मागत आहात आणि सक्तीने हाती येईल ती रकाने भरण्याची सवय.

प्रतिसाद २ (गावपातळीवर काम करणारी डॉक्टर)

मी मूळ मांडणीच्या बाजूची आहे, पण ही यादी आपल्याकडे अपुरी पडते. तिच्या ३२ मुद्द्यांत मुलाखत कोणत्या भाषेत झाली आणि भाषांतर कोणी केले, हे विचारणारा एकही मुद्दा नाही. ‘जीव घाबरा होतो’ असे सांगणाऱ्या बाईला धडधड, घुसमट किंवा अशक्तपणा यांपैकी काहीही म्हणायचे असू शकते. इंग्रजी अहवालात त्याचे ‘अँग्झायटी’ (चिंता) झाले की हृदयाची तक्रार मानसिक ठरते, आणि मूळ शब्द सोबत छापलेले नसतील तर वाचणाऱ्याला ही अदलाबदल पकडताही येत नाही.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

मूळ शब्द छापावेत, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. पण सगळे उघड करताना गोपनीयतेचे काय? दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘दुसऱ्या बाळंतपणाला तालुक्याला नेलेली, नवरा ऊसतोडीला गेलेला’ एवढे वर्णन छापले, तरी ती बाई कोण हे सगळे गाव ओळखते. नाव बदलून तिथे काहीही झाकले जात नाही.

मूळ मांडणी करणारीचे उत्तर

सॅच्युरेशनविषयी आपले म्हणणे मला पटले. ‘ही कल्पना आमच्या पद्धतीत लागू नाही, कारण…’ असे लिहिण्याची मुभा प्रत्येक मुद्द्याला असावी, एवढी दुरुस्ती मी माझ्या मागणीत करते. कारण लिहिणे मात्र सक्तीचेच राहावे. भाषेचा मुद्दा माझ्या रोजच्या कामाचा असूनही मला सुचला नव्हता, तो मी यापुढे माझ्या प्रत्येक शब्दांकनाच्या पहिल्या पानावर लिहीन.

गोपनीयतेबाबत मात्र मी माघार घेणार नाही. त्या बाईचे गाव, तिची बाळंतपणे, नवऱ्याचे काम, हे सगळे जरूर वगळा किंवा धूसर करा. पण कोरेकचे पहिले आठ मुद्दे पाहा: मुलाखत कोणी घेतली, तिचे शिक्षण काय, व्यवसाय काय, ती स्त्री की पुरुष, अनुभव किती, सहभागींशी ओळख आधीपासून होती का. हे सारे प्रश्न संशोधकाबद्दलचे आहेत. ‘काही मुलाखतींच्या वेळी स्थानिक आरोग्यसेविका हजर होत्या’ या एका वाक्याने त्या बाळंतिणीची ओळख उघडी पडली नसती, आणि तिच्या ‘चांगलंच हाये’चा अर्थ वाचणाऱ्याला लावता आला असता.